चौदा खाचांचा ठोकळा

भांडी वाटली तेव्हा
सुऱ्या त्याच्याकडे गेल्या.
त्यानेच आणल्या होत्या, पावती होती.
मला कुकर आला.
शिट्टी त्याच्याच फडताळात राहिली असावी,
मी विचारलं नाही.

सहा महिने एका दातेरी सुरीवर काढले,
पाव कापायची, आधीच्या भाडेकरूने मागे टाकलेली.
तिने टोमॅटो कापला जात नसे,
नुसता दुखावला जाई.

मग एका शनिवारी, शेफील्डच्या चढावर,
धाप लागली म्हणून थांबले ते एका काचेपाशी.
आत लाकडी ठोकळा: चौदा खाचा, चौदा मुठी,
बारशाला जमलेल्या बायकांसारख्या दाटीवाटीने.
दोनशे दहा पौंड, खोडून एकशे चाळीस.
रुपयांत गुणायची सवय मोडली आहे आता.
त्या दिवशी पुन्हा गुणलं.

काउंटरमागे डोरीन हॅलम.
तिचे आजोबा सहाणेच्या चाकावर ओणवे होऊन
जगाच्या पात्यांना धार लावत गेले,
आणि ती दगडाची धूळ छातीत घेऊन गेले.
हे तिने हवामान सांगावं तसं सांगितलं.
मग विचारलं, ‘तुम्ही काय कापता?’

किती जण आहात, विचारतात.
मांस खाता का, विचारतात.
हे कुणी विचारलं नव्हतं.
काय कापते मी?
गवारीच्या शिरा तर हातानेच.
कोथिंबीर, देठांसकट.
सुरण, मिळाला तर.
कांदा. एकटीला अर्धा,
उरलेला अर्धा बशीखाली पालथा.

‘हात दाखवा,’ म्हणाली.
बायकांचा डावा बघतात म्हणून मी डावा पुढे केला.
‘ज्याने कापता तो.’
रेषा तिने पाहिल्याच नाहीत.
तळव्याची रुंदी वितीने मोजली,
आठ इंचांची एक सुरी काढली
आणि आपल्या एका बोटावर आडवी ठेवली,
पातं आणि मूठ भेटतात त्या जागी.
ती तशीच राहिली. इकडे नाही, तिकडे नाही.
बावीस वर्षांच्या संसारात
असं थांबलेलं काही मी पाहिलं नव्हतं.

‘आणि सेट?’
‘सेट लग्नात देतात. अकरा सुऱ्या कोऱ्याच म्हाताऱ्या होतात.
ही घ्या, एक छोटी घ्या, आणि धारेचा दगड.
दगडावर काटकसर नको.’
मी तिला आमची म्हण सांगून पाहिली,
सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही.
ती गंभीरपणे म्हणाली,
‘सोन्याला धार टिकत नाही.’

बसमध्ये पावती मुठीत.
पुठ्ठ्याचा डबा, वर टेपचे तीन वेढे.
थांब्यावर पोस्टर होतं, कुणा पोराचा हसरा फोटो,
खाली दोन तारखा, आणि सुरी घरीच ठेव म्हणून विनवणी.
शेजारी त्याच वयाचा एकजण चिप्स खात बसला होता.
मी डबा मांडीवर उलटा केला,
चित्र खाली गेलं.

हॅलोविन उलटून गेलेला.
उरलेले भोपळे कोपऱ्यावर पौंडाला एक.
‘विळ्या-भोपळ्याचं सख्य तुमचं,’
सासरचे आम्हा दोघांना हसत म्हणायचे.
कोण विळा, कोण भोपळा,
ते कधी ठरलं नाही.

फळीखाली ओलं फडकं घातलं.
पातं सालीवर टेकवलं,
जोर लावायला खांदा पुढे नेला.
जोर लागलाच नाही.
खाली फळीवर टक्‌ झालं,
आणि मी तशीच उभी,
खांदा पुढे,
कशासाठी ते न कळून.

चार दिवस भोपळ्याची भाजी, मग भरीत,
एकदा घारगे, शेजारच्या ग्लेनिसलाही दिले.
त्याच आठवड्यात पोस्टाने एक जाड पाकीट आलं.
आत शिट्टी. चिठ्ठी नाही.
ओट्यावर दगड पाण्यात भिजत घातला होता,
त्यातून बारीक बुडबुडे येत होते.
ते थांबेपर्यंत थांबायचं,
असं डोरीनने सांगितलं होतं.