वार

मोजणी अर्ध्यापासून सुरू होते.
महापे, तिसरा मजला, सकाळचे सात.
प्राणीघरात कुंदा मढवी
एकेक मादी शेपटीच्या बुडाशी धरून उचलते,
बूच बसलंय का बघते,
बसलं असेल तर पिंजऱ्याच्या कार्डावर लिहिते:
दिवस अर्धा.
रात्री नेमकं कधी, ते कुणी पाहिलेलं नसतं.
मध्यरात्र धरून चालायची.
एवढा संकोच शास्त्राने अजून राखलाय.

पाचव्या दिवशी शेपटीच्या शिरेत निळा रंग.
थोडं थांबायचं.
मग गर्भाशयाची दोन्ही शिंगं उघडली
की जिथे जिथे काही रुजलंय तिथे निळा पट्टा,
उजवीकडे चार, डावीकडे तीन,
नवसाच्या दोऱ्याला माराव्यात तशा गाठी.
उंदरी तोवर मेलेली असते.
अहवालात मी तिला नमुना म्हणते.

दहाव्या दिवसाचे काप काचेखाली.
राक्षसपेशी
आईच्या रक्तवाहिन्यांना भगदाडं पाडत आत शिरलेल्या,
त्यांच्या आड एक चकवा,
तिथे दोन रक्तं एकमेकांना खेटून वाहतात
आणि मिसळत नाहीत.
अर्धा बापाचा, म्हणजे अर्धा परका जीव.
आई त्याला हाकलत का नाही?
नऊ वर्षं झाली, मी इतकंच विचारते आहे.

"एवरा काय बगतास?" कुंदा.
"वार."
"कंचा? मंगलवार?"
आणि स्वतःच हसते.
तिची आयस गोठिवलीत सुईण होती.
वार परसात पुरायची, मीठ घालून,
वर दगड, कुत्र्याने उकरू नये म्हणून.
कुंदाचीही तिथेच.
"आता तय लोकं गाड्या धुतान."

ज्या माद्या आम्ही ठेवतो
त्या एकोणिसाव्या रात्री वार खाऊन टाकतात.
सकाळी भुश्यावर
गुलाबी, आंधळी, शेंगदाण्याएवढी पिल्लं,
पुरायला काही नाही.

आज डबा उघडता उघडता, आवाज खाली:
"सुनेचा कुठशी मोजाचा?
अजून कोनाला सांगला नाय."
शेवटच्या पाळीपासून, मी म्हटलं.
"पन तवा तर काईच नवता."
नव्हतंच. दोन आठवडे
नसलेलंही हिशेबात धरतात माणसं.

तिने बोटांवर मोजलं,
पुन्हा मोजलं,
मग माझ्या डब्यातली लोणच्याची फोड
न विचारता उचलली
आणि कागदात बांधून घेतली.