उणे ऐंशी

सभागृहात एसी इतका गार
की पुढच्या रांगेतल्या आयांनी अबाया घट्ट लपेटून घेतलेत.
मी मागे, दाराशी,
खिशात रिमोटचे जादा सेल.
गेल्या वर्षी ऐन फेलोशिपच्या घोषणेला
पडद्याने मान टाकली होती.

पहिलं नाव मुतवक्किलचं.
सुदानचा, ताडमाड उंच.
दोन वर्षं सोहारच्या बागांतून
खजुराच्या खोडाला कान लावून हिंडला.
आत सोंड्या भुंग्याची अळी कुरतडते,
तो आवाज त्याने आलेखात पकडला.
वर झावळ्या हिरव्यागार
आणि आत भुसा, हे आता वेळेत कळतं.
(आमच्या माडांना हाच भुंगा.
शेंडा कलला की आबा एवढंच म्हणायचे, गेला.)
उत्कृष्ट प्रबंधाचं पदक.
ते गळ्यात घालायला कुलगुरूंना
टाचा उंचवाव्या लागल्या,
सभागृह हसलं,
मग हसता हसता उभं राहिलं.

मेहनाज बलुची.
वादी जिझीतल्या हजारो वर्षांपूर्वीच्या भट्ट्यांची
तांब्याची मळी तिने वाचली.
नामवंत नियतकालिकात लेख,
मुखपृष्ठावर तिचाच काळा दगड.
वडील मच्छीमार. अंक उलटासुलटा करून
त्यांनी एकच विचारलं,
दगड परत द्यायचा असतो का?

आणि जुवैना.
शिनासच्या खाडीतलं कुर्म हा तिचा विषय.
पहिल्या दिवशी तिने फांदी टेबलावर ठेवली,
पानाच्या पाठीवर मिठाची साय.
मी कोणी बघत नाही असं बघून जीभ लावली,
आणि केळशीची खाडी
एकोणीस वर्षांनी तोंडात आली.
अरे, ही तर तिवर!
तिने तो शब्द वहीत लिहून घेतला,
अरबीत, उजवीकडून डावीकडे.

जुलैतल्या एका गुरुवारी रात्री
फ्रीझरचा आकडा चढायला लागला.
उणे सत्तर. उणे एकसष्ट.
उणे बावन्नला मी गाडी काढली.
बंदरावरच्या मासळी कंपनीत
कुंजुमोन रात्रपाळीला होता.
कोरडा बर्फ मागितला तर म्हणाला,
कोणाची बॉडी आहे का?
म्हटलं, पानं आहेत.
तो हसला नाही.
चार खोकी गाडीत ठेवली, पैसे घेतले नाहीत.

दोनशे बारा कुप्या वाचल्या, असं मी सगळ्यांना सांगतो.
खरं तर एकशे नव्वद.
उरलेल्या बावीससाठी ती पुन्हा चिखलात उतरली,
सहावा महिना लागलेला,
नवरा काठावर दोरी धरून, शब्द न बोलता.
तो सहावा महिना आज
दुसऱ्या रांगेत आजीच्या मांडीवर
पदकाची पेटी चावतोय.

तीन वर्षांची फेलोशिप. टाळ्या.
पडद्यावर शेवटचं पान, आभाराचं:
मंत्रालय, मार्गदर्शक, आई,
आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात,
रेडीज, बर्फासाठी.
मी खिशातले सेल मुठीत धरले.
कुंजुमोनचं नाव तिला सांगायचं राहून गेलं होतं.

चौथ्या रांगेत अनसीला.
खाऱ्या पाण्याच्या पडद्यावरचा तिचा लेख
काल तिसऱ्यांदा परत आला.
आज तिच्या नावाचं काहीच नाही,
तरी प्रत्येक वेळी
तिच्याच टाळ्या सर्वांत उशिरा थांबल्या.

बाहेर हलवा, कहवा, फोटोंची झुंबड.
मुतवक्किल चौकटीत मावत नाही,
फोटोवाला मागे सरकत सरकत
फुलझाडांत गेला.
अनसीला कपाच्या तळाशी बघत उभी.
मी म्हटलं, उद्या आठला
तुझ्या नळ्या धुऊन ठेवतो.
ती म्हणाली,
साडेसातला जमेल?