सव्वीस वेळा

जेल रोडच्या आमच्या वाचनालयात
अकरा नंबरच्या कपाटातलं एक पुस्तक
ब्याऐंशी सालापासून बाहेर जातंय, परत येतंय.
आतल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के,
आधी जांभळे, मग निळे, मग शाई संपत आलेली असतानाचे.
एका शिक्क्यावर हळदीचं बोट.
मधे चौदा महिने नुसते कोरे:
देवळाली कॅम्पातल्या कुणी बदलीच्या गडबडीत
ते पार पठाणकोटला नेलं होतं.
पोस्टानं आलं, सोबत दंड
आणि माफीची दोन वाक्यं.
किती हात झाले, कुणी मोजलं नाही.

तेच पुस्तक गेल्या वर्षी पुन्हा घेतलं, पडद्यावरचं.
घेतलं म्हणजे, करारात शब्द आहे ‘मुभा’.
छापील प्रतीच्या चौपट पैसे,
सव्वीस वेळा द्यायचं किंवा दोन वर्षं,
जे आधी संपेल ते.
एका वेळी एकच वाचक.
बाकीच्यांनी रांगेत थांबायचं
प्रतच नसलेल्या वस्तूच्या एका प्रतीसाठी.

खरं तर तुंगारांसाठी घेतलं होतं.
नोट प्रेसमध्ये छत्तीस वर्षं कागद मोजला त्यांनी.
आता नजरेच्या मधोमध धुरकट ठिपका,
ज्या शब्दाकडे बघावं तोच पुसला जातो.
टॅबवर अक्षर बोराएवढं केलं
की कडेकडेनं वाचता येतं,
एका पानावर सहा शब्द.
“घडातला एकेक मणी चाचपावा तसं,” म्हणतात.

सव्विसावे वाचक तेच.
मंगळवारी रात्री बारा वाजता
पुस्तक आपलं आपण परत गेलं.
गोष्टीतली बाई कोर्टाच्या पायऱ्या चढत होती.
अडुसष्ट टक्के.

पुण्याला प्रकाशकांना फोन लावला.
आवाज तरुण होता, माणूस वाईट नव्हता.
“मॅडम, छापलेलं झिजतं.
पानं सुटतात, वाळवी लागते, कुणीतरी ढापतं,
तुम्ही दुसरं घेता, त्यावर आमचं चालतं.
हे झिजतच नाही,
म्हणून आम्हीच झिजवतो.
लेखिकेची मुलगी दर मार्चला विचारते, काय आलं?
तिला काय सांगू?”
मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

कायदा काढून वाचला, दोनदा.
एक कलम म्हणतं, तुमच्याकडे छापील प्रत असेल
तर जतन करायला संगणकात ठेवा.
ठेवा म्हणतं. द्या म्हणत नाही.
आणखी खाली एक लहानशी खिडकी,
दिसत नाही त्यांच्यासाठी.
मी धावतच समितीकडे गेले.
समिती म्हणाली, चालेल,
सिव्हिलचा दाखला जोडा.

गुरुवारी तुंगार आले. ऐकून घेतलं.
“दाखला कशाचा? आंधळा असल्याचा?
सहा शब्द वाचतो ना मी!”
मग बराच वेळ काठीच्या मुठीशी बोलल्यासारखे,
“आमच्याकडे रोज गेटवर झडती.
एक ताव कमी भरला तर अख्खी पाळी आत.
पण गाडी बाहेर पडली, की नोट कुणाच्या खिशात,
कुणाच्या हातून कुणाकडे,
कधी विचारलं नाही बाई.
विचारत बसलो असतो
तर भगूरचा बाजार भरला असता का?”

जाताना टेबलावर दहाची नोट ठेवली.
“वेळेत संपवलं नाही. दंड.”
म्हटलं, काका, ही पुस्तकं उशीर करत नाहीत,
करूच देत नाहीत.
“मग माझा उशीर गेला कुठे?”

पावती फाडलीय.
नाव लिहिलं, तारीख लिहिली, रक्कम लिहिली.
अकरा नंबरच्या कपाटातून ते जुनं काढून
पायऱ्यांचं पान शोधून ठेवलंय,
टाइप बारीक आहे, मुंगीसारखा.
शनिवारी चार वाजता या म्हणाले आहे, वाचनालय बंद झाल्यावर.
मोठ्यानं वाचण्याबद्दल करारात काही आहे का
ते बघितलेलं नाही.
पावतीवर ‘कारण’ असा रकाना आहे,
तो तेवढा कोरा.