सरीच्या कुशीला

मनोरीच्या विहिरीचं पाणी
नातालकाका आधी जिभेवर घेतो,
थुंकतो, मग तिथी विचारतो.
अष्टमी. म्हणजे भांग.
"आज काढ. पुनवेच्या उधाणात
पंपाला हात लावायचा नाय."

मी मिरचीची रोपं लावली होती
वरंब्याच्या माथ्यावर, ऐटीत.
त्याने एकेक हलक्या हाताने उपटलं,
खाली सरीच्या कुशीला बसवलं.
"मीठ वर चढतं, पोरी.
माथा त्याला सोड."

टाकीतलं गोडं पाणी फक्त उगवत्या बियांना,
तेही दिवस कलल्यावर, मुळाशी;
पानावर थेंब सुकला तर डाग धरतो.
वरून भाताचा पेंढा, पायाने दाबून.
घेवड्याचं नावच काढू दिलं नाही :
"तो रुसका. बीट लाव,
त्याचं माहेर दर्याकाठचं."

मार्चअखेर अकरा रोपं
कडेकडेने करपत गेली.
बाकीची राहिली,
बुटकी, जाड पानांची,
मिरच्या बोटभर, पण झणका असा
की काकाने दोनदा पाणी मागितलं.
गोडं.

वरंब्याचा माथा तोवर पांढराशुभ्र.
लेकीने बोट फिरवलं, चाटलं,
तोंड वेडंवाकडं करत म्हणाली,
"आई, हे कोणी पेरलं?"