तीन परमिटं

फॉर्मवर आजार लिहावा लागतो.
मी लिहिलं, झोप येत नाही.
तेव्हा मी भिंतीला पाठ टेकली तरी घोरत होते.
डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं,
केटला वखतथी, बेन?
म्हटलं, रिटायर झाल्यापासून.
शिक्का बसला.
आता दोन वर्षं झाली, रोज पहाटे तीनला
डोळे टक्क उघडे.
सरकारी कागदाला खोटं पाडायचं नसतं,
एवढं शरीराला कळतं.

माहूरकरचं ब्लडप्रेशर. दिनशॉच्या नसा.
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
आपापला आजार खादीच्या पिशवीत घालून
दोघं दांडिया बाजारातला माझा जिना चढतात.
माहूरकर मधल्या वळणावर थांबतो,
बाटली किणकिणते, तो खोकतो.

कप चहाचेच. कानतुटका दिनशॉचा.
लीलो चिवडा आहे, पण शेवटी;
आधी खाल्ला की जीभ साखरेची होते.
पहिला घोट कोरा.
मग पाणी, ड्रॉपरनं, आणि ड्रॉपर माझ्या हातात.
एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात
चंबूखाली पांढरा कागद ठेवून
गुलाबी व्हायची वाट बघितली आहे मी.
एका थेंबानं काय होतं
ते मला शिकवू नका.

दिनशॉची कुठल्याशा बेटावरची.
धूर, जळकी दोरी, ओलं गोणपाट.
माहूरकर म्हणतो, रिफायनरीची नाइट शिफ्ट,
वारा आपल्याकडे फिरलेला.
हे पैसे देऊन कोण पितं,
आणि कप पुढे करतो.
मला मात्र नवापुऱ्यातला कंपाउंडर आठवतो,
फुटक्या गुडघ्यावर त्यानं दाबलेला बोळा.
दोन थेंब पाण्यानं
तो बोळा जरा गोड झाला.

माझी बंगळुरूची.
भाजलेलं धान्य, संत्र्याची साल, घाई.
तिकडे थंडीत पिंपातून जराशीच उडते,
इकडच्या उन्हात कितीतरी.
उडते तो देवदूतांचा वाटा, म्हणतात.
दिनशॉ हिशेब करतो:
म्हणजे आपले देवदूत जास्त पितात.
आणि त्यांना परमिट कोण विचारतो?

माहूरकरची सगळ्यात महाग, लेकानं आणलेली.
मनुका, जुनं कपाट, चिंचगुळाची आठवण.
एवढी गुळगुळीत की मला संशय आला.
तोच म्हणाला,
ही विश्वामित्रीतल्या मगरीसारखी आहे,
वरून ओंडका.
आम्ही हसलो. मग ती गळ्याखाली उतरली
आणि कुणीच काही बोललं नाही.

गुण द्यायची वही आहे. दिनशॉची सात,
माझी साडेसात (माहूरकर म्हणे, पक्षपात),
मगर आठ.
दिनशॉ दर वेळी विचारतो तेच विचारतो,
आणि तुझ्या वडिलांची?

ती एकोणसत्तरची.
पडदा ओढलेला, कपबशी,
आणि आई म्हणायची, काढा घेतायत.
ते आत गेल्यावर मी बशी चाटली होती.
वॉर्निश. लवंग. रॉकेलचा कंदील.
दहापैकी दीड, मी सांगते. अर्धा बशीचा.
तरी कुठलीही नवी बाटली उघडली
की आधी तोच वास शोधते.
नसला की बरं वाटतं.
बऱ्यापैकी बरं.

आठ वाजले. सूरसागरच्या बाजूनं
कुणाची तरी वरात वाजत येते आहे.
शेजारच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढता काढता
तरुबेन थांबतात.
शेनी वास छे आ, इंदुबेन?
खोकल्याचं औषध, मी म्हणते.
त्या चादरीची घडी घालतात,
नीट, चार पदरी,
हनुवटीखाली धरून.
मग म्हणतात, मने पण आपजो ने,
चमची एक.

खोकला कधीपासून, मी विचारलं नाही.
चौथा कप विसळायला घेतला.
माहूरकरनं मुकाट्यानं
मगरीचं बूच काढलं.