पाणी मुरतं तिथे

डुनेडिनच्या दक्षिण टोकाला, जिथे जमीन
समुद्राहून जेमतेम हातभर उंच,
नोएलीन मॅकअॅस्किल यांच्या स्वयंपाकघरात
सकाळी नऊपासून मी पोटावर पालथा.

कपाटांच्या पायाशी असते ती पट्टी.
तिच्याकडे कोणी बघत नाही.
भांडी विसळताना चपलेचं टोक लागतं, तेवढीच ओळख.
आता तिचं पोट सुटलंय,
पांढरा पापुद्रा उकललाय,
आतला भुसा म्हणजे
चहात जरा जास्तच राहिलेलं बिस्किट.
बोट टेकवलं, आणि खचलं.

'नुसता रंग मारून नाही भागणार?'
नाही. लाकडाचा चुरा एकदा फुगला
की मूळ मापावर येत नाही.
हे मी दिवसातून दोन गिऱ्हाइकांना सांगतो,
आणि रात्री आरशाला.

पट्टी नुसती क्लिपांवर बसते, ओढली की हातात येते.
ही येईना.
वर, खाली, दोन्ही कोपऱ्यांत सिलिकॉन,
एका रेघेवर दुसरी,
अंगठ्याने निपटून गुळगुळीत केलेली.
एके ठिकाणी ठसा अजून शाबूत.
'आयव्हरचं काम,' त्या म्हणाल्या.
'दक्षिणेचा वारा खालून शिरायचा,
माझे घोटे धरायचे.'

तासभर पातं चालवलं.
मग काळोख, कुबट वास, एक वाळकं वाटाण्याचं दाणं,
आणि डिशवॉशरच्या नळीच्या गळ्याशी
सावकाश भरत जाणारा थेंब.

फट असती तर पहिल्याच दिवशी
पाणी लादीवर आलं असतं,
सपाता भिजल्या असत्या, आरडाओरडा झाला असता,
दोन डॉलरच्या वॉशरवर निभावलं असतं.
त्याने इतकं चोख बुजवलं
की पाण्याला बाहेर येऊन सांगताच आलं नाही.
तीन वर्षं, चार असतील.

'कशानं झालं रे, सेफो?'
'वॉशर झिजला,' मी म्हणालो.
तेही खरंच होतं.

पट्टी उलटी केली. पाठीवर पेन्सिलीत
१८३५. खोडलेलं.
खाली १८५३, त्याखाली दोन रेघा, दाबून.
त्यांनी चष्मा लावला, आणि खो खो हसल्या.
'आकडे उलटे लिहायचा नेहमी!
त्या दिवशी दुकानात दोनदा गेला.
मला सांगितलं, रस्ता खोदलाय.
तेव्हाच म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.'

नवी पट्टी प्लास्टिकची, न फुगणारी.
कापलेल्या कडेला तरीही हात फिरवला, सवय.
खाली दोन मिलिमीटर सोडले.
त्या वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून.
'फट राहिली.'
'ती राहू द्या.'
'वारा येईल.'
'येईल. एखादे दिवशी पाणीही येईल, निरोप घेऊन.'
त्यांना पटलं नाही. पैसे मात्र मोजून दिले,
वर आल्याच्या वड्यांचा डबा.

भुसा, जुन्या क्लिपा, फुगलेले तुकडे
व्हॅनमध्ये टाकून हत्यारांसाठी परतलो,
तर त्या लादीवर बसलेल्या,
कचऱ्याची पिशवी मांडीशी ओढून,
सिलिकॉनच्या सोललेल्या सालींमधली
एकेक उजेडाकडे धरून बघत.

मी दारातच थांबलो.
बुटाची नाडी सुटलेली नव्हती,
ती सोडली. पुन्हा बांधली.