काट्याची वही

वही जाड आहे. पुठ्ठ्यावर मिठाचे वळ.
आधी आजोबांचं अक्षर, मग वडिलांचं, शेवटी माझं.
नोव्हा स्कोशियाच्या टोकाला, आन्स कोरबोच्या धक्क्यावर
काट्याशी उभ्या राहिलेल्या तीन पिढ्या.
आम्ही गळ कधी टाकला नाही.
वजन लिहिलं.

पहिल्या पानावर सहा होड्या, चार देश
आणि एक चांदीचा चषक,
ज्यात झेली आत्याने आदल्या रात्री पीठ भिजवलं होतं,
घरात तेवढं मोठं दुसरं भांडं नव्हतं म्हणून.

पाहुणे आले पांढऱ्या विजारींत, स्वतःच्या खुर्च्या घेऊन.
खुर्च्यांना पट्टे, पट्ट्यांना पितळी कड्या.
खुर्चीत बसून मासा धरणारा माणूस
आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता.
आमचे लोक होडी हाकत, हेरिंग चिरून पाण्यात सोडत,
मागे उभं राहून खुर्ची ट्यूनाच्या दिशेला फिरवत,
आणि दिवसाचे आठ डॉलर घेत.
मासा मिळाला की पाहुण्याचं नाव वहीत.
निसटला की मेदे सुरेतचं, धक्काभर.

संध्याकाळी कप्पी कुरकुरे.
शेपटीला दोर, तोंडातून धार,
सहाशे बारा रत्तल. पाचशे सत्तर. सातशे चार.
फोटोवाला ‘तयार’ म्हणाला की जो तो
माशाच्या अर्धं पाऊल पुढे सरके,
मोठं दिसायला.

मग चार पानं कोरी.
आजोबांनी कोपऱ्यात एवढंच लिहिलंय:
‘होड्या दुसऱ्या कामाला.’
त्यातल्या दोन त्या कामावरून आल्याच नाहीत.
त्यांचं वजन कुठल्या रकान्यात धरायचं
ते त्यांना सुचलं नसावं.

पुढे वडिलांच्या अक्षरात, एका आकड्याशेजारी
पेन्सिलीचा ठिपका आहे.
त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात, खोकला थांबवून, ते म्हणाले:
त्या दुपारी काट्याला हातगाडी धडकली.
नंतरचा प्रत्येक मासा नऊ रत्तल जड भरला.
आणि चषक गेला सहा रत्तलांनी.
‘मग बोलला का नाहीत?’
‘अगं, बँड वाजायला लागला होता.’

त्यानंतर आकडे विरळ होतात.
अकरा मासे. तीन. एक, तोही हडकुळा.
मग सलग आठ वर्षं शून्य,
पण प्रत्येक शून्य वडिलांनी नीट गोल वळवलंय,
त्यालाही वजन असल्यासारखं.
स्पर्धा मात्र भरतच होती.
पितळ घासलं जाई, झेंडे चढत,
माणसं दिवसभर रिकाम्या पाण्याकडे बघत बसत
आणि रात्री बक्षीस मिळे
सर्वांत लांबून आलेल्याला.
कुणी म्हणे पाणी गार झालं,
कुणी म्हणे मोठ्या जाळ्यांनी लुटून नेलं.
मेदे तेव्हा म्हातारा. दारूचा पेला खाली ठेवून म्हणाला,
‘किती गेले ते आपणच तर मोजत होतो.’

आता ट्यूना परत आलाय. नियम नवा आहे:
मासा होडीच्या कुशीला आणायचा, पट्टीने मापायचा,
पाठीत खूण टोचून सोडून द्यायचा.
मी रकान्यात ‘अंदाजे’ लिहिते.
काट्यावर जत्रेतली पोरं चढतात,
परवा कुणीतरी भोपळा आणला होता.

यंदा एक तरुण आला, ओस्लोहून.
‘माझे आजोबा, तोर्गेर्सन. दुसरे आले होते.
मरेपर्यंत म्हणत होते, माझा मासा मोठा होता.
घरी आम्ही हसायचो.’
मी वही पुढे केली. त्याने बोट फिरवत नेलं,
ओळीमागून ओळ, आणि ठिपक्यापाशी थांबवलं.
‘हे काय आहे?’

बाहेर शाळेची मुलं
बँडची तालीम करत होती.
ढोल जरा मागे पडत होता.
मी खिडकी लावून घेतली.